पहिले पाऊल कशाने पडते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला आरोग्यावर दोन शब्द बोला." मी म्हटले, "बाई, मी काही डॉक्टर नव्हे. आहारशास्त्र मी शिकलेली नाही, व्यायामशाळेची पायरीही कधी चढलेली नाही." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्याकडे आले. डॉक्टर झाले, त्यांचे भाषण मागच्या वर्षी झाले. ते ऐकून आम्ही घरी गेलो आणि होते तसेच चालू राहिले. तुम्ही मात्र बदललात, ते कसे, तेवढे सांगा."

तेव्हा आज मी काय खावे, किती चालावे, याचा उपदेश करण्यास उभी नाही. तो आपण सर्वांनी पुष्कळ ऐकलेला आहे. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या अलीकडच्या गोष्टीबद्दल. माणसाला सर्व ठाऊक असते, तरी पाऊल उचलत नाही, आणि मग एके दिवशी उचलते. ते कशाने उचलते, इतकाच माझा विषय.

प्रथम माझी कबुली देते. साडेतीन वर्षांपूर्वी पायांची जळजळ होते म्हणून रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर १३८ निघाली. १२६ किंवा त्याहून अधिक निघाली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, म्हणजे मधुमेह, असा नियम आहे. पुन्हा तपासली, तीच गत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज चालावयास सांगितले, खाण्याचा कागद हाती दिला. तो कागद मी देवघरातील कोनाड्यात पोथीखाली ठेवला. गोळी घेत राहिले. कागद मात्र दीड वर्ष तेथेच होता. रोज उदबत्ती लावताना तो दिसे आणि रोज मी मनाशी म्हणे, 'एकादशीपासून सुरू करू.' ती गेली की 'पाडव्यापासून.' पाडवे येत गेले, जात गेले.

हे मी एकटीच करीत होते असे नाही. आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितले. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, आणि सुमारे चोवीस स्त्रियांचे वजन असावयास हवे त्यापेक्षा जास्त आढळले. म्हणजे एकाच घरात सून रक्ताअभावी पांढरीफटक आणि सासू वजनाने वाकलेली, असे चित्र दिसते. आपल्या गल्लीत दारे मोजून पाहा, आकडे खोटे वाटणार नाहीत.

आपल्याला न कळण्याइतके आपण अडाणी नाही. मग अडते कोठे? मी माझ्या त्या दीड वर्षातल्या सबबी एका संध्याकाळी मोजल्या. चार निघाल्या. त्या तुमच्याही असतील, म्हणून सांगते.

पहिली सबब: 'मी दिवसभर राबते, मला आणखी व्यायाम कशाला?' ही सबब आपल्या आजीच्या तोंडी शोभली असती. माझी आजी पहाटे जात्यावर बसे. नंतर विहिरीचे पाणी, मग शेत, आणि येताना डोक्यावर सरपणाची मोळी. बहिणाबाई चौधरींची गाणी अशाच घरोट्याच्या आणि शेताच्या कामात जन्मली. ती १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात एका वर्षाने, पुस्तकरूपाने आली आणि अवघा महाराष्ट्र डोलला. परंतु भगिनींनो, ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. त्या जात्याने किती बायांचे खांदे गेले, हे गाण्यांत सापडत नाही. चक्की आली, नळ आला, गॅस आला, हे भाग्यच. एवढेच की ते काम गेले आणि आपले जेवण मात्र त्याच कामाच्या हिशेबाचे राहिले. मी राबते म्हणजे काय करते, हे एक दिवस लिहून काढले. उभी राहून स्वयंपाक, बसून निवडणे, बसून शिवणे, बसून दूरदर्शन. थकवा खरा होता, पण अंग कोठे हलले होते?

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या गावाचे नाव मिरचीच्या बाजारासाठी दूरवर घेतले जाते. त्या मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून देठे खुडणाऱ्या बहिणी आहेत. त्यांना 'फिरायला जा' असे सांगणे म्हणजे जखमेवर तीच मिरची चोळणे होय. त्यांना हवी आहे विश्रांती, पोटभर जेवण, रक्त वाढविणाऱ्या गोळ्या आणि नाकातोंडाला बांधायला स्वच्छ फडके. आरोग्याचा पहिला धडा सर्वांना एकच नसतो. ज्या घरात जे कमी, तेथून आरंभ.

दुसरी सबब माझ्या धाकट्या बहिणीची. ती शिडशिडीत आहे. ती म्हणे, 'मला काय होणार? होईल ते जाड्या बायांना.' याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोठ्या मौजेने दिलेले आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन पाहावे, तर दोघांचा आकडा एकच, २२.३. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! अंगकाठी बारीक, पण आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, असा आपल्याकडील पुष्कळांचा बांधा असतो. तो पोटापासून तयार होतो, म्हणजे आईच्या गर्भातील पोषणाशी त्याचा संबंध आहे, असे त्यांच्या पुण्याजवळील खेड्यांतील अभ्यासातून पुढे आले. म्हणून बारीक बाईनेही कंबरेचा घेर पाहावा, आणि तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्याची सोय असते.

तिसरी सबब: 'लोक काय म्हणतील?' ही आपल्या गावातील खरी सबब. पुण्या-मुंबईच्या बाया बूट घालून पहाटे निघतात, त्यांना कोणी वळून पाहात नाही. आपल्याकडे बाई कामाशिवाय रस्त्याने निघाली की चार ओट्यांवरून चार प्रश्न येतात. 'कुठे निघाल्या?' 'काय आणायला?' आणि 'काही नाही, सहज,' म्हटले तर पाठीमागे कुजबूज. मलाही ही भीती होती.

चौथी सबब सर्वांत जुनी आणि तोंडाने कधी न बोललेली. ती म्हणजे 'माझ्यासाठी वेळ कशाला काढायचा?' घरात सर्वांचे जेवण झाले की आपण बसायचे. उरलेले वाया जाऊ नये म्हणून आपणच संपवायचे. शिळी भाकरी आपली, करपलेली पोळी आपली, आणि पातेल्याच्या तळाचा तेलाचा तवंगही आपलाच. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचे कूट यांचा डोंगर पोटात घालायचा आणि त्याला पुण्य म्हणायचे. मुलाला शिंक आली तर आपण दवाखाना गाठतो. आपला गुडघा सहा महिने दुखला तरी 'वयच झाले' म्हणून बाम चोळतो.

आता तुम्ही म्हणाल, भीती घातली की माणूस सुधारतो. मीही असेच समजत होते. पण भीतीचा अनुभव मी घरातच घेतला आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना रक्तदाबाचा विकार होता. गोळी चालू होती. 'आता बरे वाटते' म्हणून त्यांनी ती आपल्या मनानेच बंद केली. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही, हेच त्या रोगाचे कपट. एका सकाळी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. पुढे औषधोपचाराने आणि मालिशीने थोडे सुधारले. आज त्या धरून चार पावले टाकतात, एखाद-दुसरा शब्द बोलतात. घरात असे घडल्यावर मी दुसऱ्या दिवसापासून सुधारावयास हवे होते की नाही? मी आठ दिवस चालले. नवव्या दिवशी पाहुणे आले आणि मोडले ते मोडलेच. भीतीने माणूस धावतो खरा, पण फार लांब धावत नाही. शेवटी तो डोळे झाकून घेतो. मी तर रक्त तपासणेच बंद केले. आकडा दिसू नये, म्हणजे भीती नको!

आणि हे केवळ आपल्यासारख्यांचेच होते असे नाही. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आपणां सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली आणि आदिवासी भागातील बालमृत्यू कमी करण्याचे काम केले. साऱ्या जगाला आरोग्य शिकविणाऱ्या या गृहस्थांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि घराघरांत वाचले गेले. रोगानेच आपल्याला जगण्याकडे नव्याने पाहावयास लावले, असा त्या पुस्तकाचा आशय आहे. मी ते वाचले तेव्हा मला वाटले, ज्याच्याजवळ ज्ञानाला तोटा नाही, त्यालाही ज्ञान पुरले नाही. मग मी कोणत्या झाडाचा पाला? पण त्याचबरोबर हेही वाटले की प्रत्येकीने झटका येईपर्यंत थांबावे काय? जाऊबाईंना तर झटक्यानंतर पुस्तक लिहावयाची, चालावयाची संधीच राहिली नाही.

मग माझे पाऊल कशाने पडले? ते सांगते.

आपल्या खानदेशात कानबाईचा सण कोणाला सांगावयास नको. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सारे भाऊबंद एका घरी जमतात, रोटाचे गहू दळून येतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत, फुगड्या खेळत, डोक्यावर घेऊन तिला नदीवर नेतात. आमच्या घरी डोक्यावर घेण्याचा मान जाऊबाईंचा. तीस वर्षे त्यांनी तो सांभाळला. त्या आजारी पडल्यावर तो माझ्याकडे आला.

त्या सकाळी मी नवे लुगडे नेसले, पाट डोक्यावर घेतला. जाऊबाई दारात खुर्चीवर बसून पाहात होत्या. पाट काही जड नसतो. पण दुसरा चौक आला नाही तोच मला धाप लागली. डोळ्यांपुढे काजवे दिसू लागले. ढोल वाजत होता, बाया फुगड्या धरीत होत्या, आणि मला मात्र वाटत होते की आता हातून कानबाई पडते. शेजारी पुतणसून होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि काही न बोलता पाट आपल्या डोक्यावर घेतला. एक म्हातारी विचारीत राहिली, "काय व्हयनं व माय?" मी सावकाश मागून चालत नदीपर्यंत गेले. अमरावतीच्या पाण्यात आरती झाली. माझे तिकडे लक्ष नव्हते.

घरी परतले तेव्हा जाऊबाई तशाच दारात होत्या. त्यांना आता एखाद-दुसराच शब्द येतो. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "नेली?"

भगिनींनो, मला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणता येईना. मी आत निघून गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. पण नवल असे की, मरणाची भीती वाटली नाही, की १३८ हा आकडा आठवला नाही. मनात एवढेच येत होते की पुढच्या श्रावणात मला कानबाई नदीपर्यंत नेता आली पाहिजे. आमच्या घरापासून नदीपर्यंत जावयाचे, डोक्यावर पाट घेऊन, धाप न लागता. बस, इतकेच. पहाटे उठून मी पोथीखालचा तो कागद काढला. दीड वर्षात त्याच्यावर हळदकुंकू सांडून अक्षरे पुसट झाली होती. पण त्यातले जे वाचता आले, ते प्रथमच मला माझ्या कामाचे वाटले.

यावरून मी एक गोष्ट शिकले. 'आरोग्य सुधारावे' हा हेतू फार मोठा आणि फार धूसर असतो. त्याच्याकडे पाहून पाय हलत नाही. आपल्याला मनापासून करावीशी वाटणारी एखादी लहान, डोळ्यांना दिसणारी गोष्ट शोधावी. कोणाला आखाजीला नातीबरोबर झोक्यावर उभे राहावयाचे असेल. कोणाला सारंगखेड्याच्या यात्रेत मध्येच न बसता हिंडावयाचे असेल. कोणाला जमिनीवर बसून गुलाबाईची गाणी म्हणावयाची असतील आणि कोणाचा हात न धरता उठावयाचे असेल. ही इच्छा दुसऱ्याने देऊन चालत नाही. ती आपल्या आतलीच हवी. डॉक्टर कागद देतात, इच्छा देऊ शकत नाहीत.

इच्छा सापडल्यावर मी दुसरी चूक करणार होते. म्हटले, उद्यापासून तासभर चालायचे, भात बंद, साखर बंद, तेल बंद. सुदैवाने समोरच्या घरातील आक्कांनी मला अडवले. त्या म्हणाल्या, "एवढे एकदम केले की आठव्या दिवशी तुम्ही अंथरुणात आणि मी एकटी रस्त्यावर. जेवणानंतर चक्कीपर्यंत जाऊन येऊ." आमच्या घरापासून कोपऱ्यावरची पिठाची चक्की पाच मिनिटांच्या अंतरावर. जाऊन येऊन दहा मिनिटे. मला हसू आले. पण तेच टिकले. आणि 'लोक काय म्हणतील' या सबबीचे उत्तरही आक्काच निघाल्या. एकटी बाई दिसली तर लोक विचारतात, दोघी बोलत निघाल्या तर कोणी विचारत नाही. विचारले तर आक्का सांगत, "चक्कीवर." त्यात खोटे काहीच नव्हते!

जेवणानंतर चालण्यात एक शहाणपण आहे, हे मला पुढे कळले. जेवल्यावर साखर रक्तात चढते. त्या वेळी पायांचे मोठे स्नायू हालले, की ते ती साखर आपल्या कामी खर्च करतात. म्हणून दहा मिनिटेही फुकट जात नाहीत. रोज दहा हजार पावले चालली पाहिजेत, असे आपण ऐकतो आणि आकड्यानेच दमतो. पण त्या आकड्याची जन्मकथा ऐका. जपानात १९६५ मध्ये एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकावयास काढले आणि त्याला 'दहा हजार पावलांचे माप' अशा अर्थाचे नाव दिले. तेव्हापासून तो आकडा जगभर फिरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा, सरासरी वय ७२ अशांचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे सांगते. ती दहा-दहा मिनिटांनी भरली तरी भरतात.

आपल्याच महाराष्ट्रातील एक जुने उदाहरण देते. साताऱ्याकडील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. त्यांना व्यायामाची आवड होती. १८९७ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी सँडो या युरोपियन मल्लाच्या पद्धतीने, साधने आणून, व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस. मग स्वतः केले, घरातल्यांकडून करविले, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना शिकविले आणि १९३८ मध्ये इंग्रजी वाचकांसाठीही पुस्तक निघाले. मला त्यात दोन गोष्टी भावतात. एक, राजालाही आरंभ करावयास एका मित्राचा शब्द लागला. दुसरी, ज्याला साधने विकत घेणे सहज शक्य होते, त्याने अखेर निवडला तो व्यायाम, ज्याला एका सतरंजीपुरती जागा पुरते आणि दमडीचा खर्च नाही. आज मी रोज सकाळी तीन नमस्कार घालते. बारा नाहीत, तीनच. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून काही सुरू करू नये, आणि चालू लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. जाऊबाईंची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली.

आता स्वयंपाकघराकडे वळते. खानदेशी जेवण सोडा असे कोणी मला सांगितले तर मी त्या माणसाला घरी जेवावयास बोलावणार नाही! शेवभाजी, भरीत, खापरावरचे मांडे, दाल-बट्टी हे आपले वैभव आहे. मी एवढेच केले. शेवभाजीवर बोटभर तर्री येई, ती निम्म्यावर आणली. महिनाभर घरात कुरकूर झाली, नंतर कोणाच्या लक्षातही राहिले नाही. पोळ्या कमी करून दादरची आणि कळण्याची भाकरी पुन्हा सुरू केली. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यामुळे भाकरी पोटाला धरून राहते. मिठाचे पाहिले तर दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभरसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पानात पापड, लोणचे आणि ठेचा यांतच ते संपते. मी पापड रोजचा होता तो सणावारी ठेवला. आणि सर्वांत अवघड काम, म्हणजे उरलेले आपण संपविणे, ते मी सोडले. उरू नये इतकेच रांधते. उरले तर गाईला घालते. अन्नाचा अपमान होऊ नये हे खरे, पण माझे पोट म्हणजे काही उकिरडा नव्हे.

घरातल्यांना बदलावयाचे असेल तर काय करावे, असे मला पुष्कळजणी विचारतात. त्यांना मी सानेगुरुजींची गोष्ट सांगते. आपल्या गावाहून रेल्वेने निघाले की थोड्या वेळात अमळनेर येते. तेथल्या प्रताप हायस्कुलात गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावत नसत. मुले बाहेर गेली की स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे नीट करीत. काही दिवसांत मुलेच लाजून आपल्या खोल्या आवरू लागली. मीही घरात एक शब्द बोलले नाही. तीन महिन्यांनी आमच्या घरचे एका रात्री चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चक्कीपर्यंत मीही येतो."

हे सारे सरळ रेषेत झाले असे समजू नका. दिवाळीत पंधरा दिवस मोडले. फराळ पुढ्यात आणि पाहुणे घरात, तेथे कोण चालते? वैशाखात आपल्याकडे ऊन असे तापते की रात्रीही रस्त्यातून वाफा निघतात. तेव्हा पुन्हा मोडले. पहिल्या वेळी मला वाटले, झाले, संपले. आक्का म्हणाल्या, "दूध एकदा उतू गेले म्हणून आपण चहा करायचे सोडतो का?" मग उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला निघू लागलो. मोडणे हे पाप नाही. मोडल्यावर 'आता पुढच्या पाडव्यापासून' म्हणणे, तेवढे टाळावे. आज मोडले तर उद्याच जोडावे.

वर्ष झाले. वजन फक्त तीन किलो उतरले. पुतणसून म्हणाली, "काकू, काही विशेष दिसत नाही हो!" खरेच दिसत नव्हते. उपाशीपोटीची साखर मात्र, गोळी चालू असताना, ११२ वर आली होती. पण मी त्या आकड्यासाठी चाललेच नव्हते. श्रावण आला, कानबाई बसली. सोमवारी सकाळी मी पाट डोक्यावर घेतला. पहिला चौक गेला, दुसरा गेला. पुतणसून शेजारून माझ्या तोंडाकडे पाहात चालली होती. नदी आली. मी पाट खाली ठेवला आणि आक्कांबरोबर एक फुगडीही धरली. तीन फेरे झाले, चौथ्याला बसले. तीनही पुष्कळ.

घरी आले. जाऊबाई दारात. त्यांनी विचारले, "नेली?"

मी म्हटले, "हो बाई, नदीपर्यंत नेली." त्यांनी चांगला डावा हात उचलून माझ्या गालावरून फिरविला.

भगिनींनो, आता मंडळाला एक विनंती करून पुरे करते. आपले मंडळ हळदीकुंकू करते, भजन करते, उन्हाळ्यात पापड-कुरडया करते. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावी. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या गल्लीतील एक जोडीदारीण निवडावी. दोघींनी एकमेकींना आपली ती लहानशी इच्छा सांगावी, आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटे बरोबर चालावे. एकीला कंटाळा आला तर दुसरीने दारात उभे राहून "चाल व माय" अशी हाक मारावी. आणि वर्षातून एकदा, वर्धापनदिनाच्या आधी, सर्वांनी मिळून दवाखान्यात जाऊन रक्तदाब, साखर व रक्त तपासून यावे. जिचा आकडा वाईट येईल तिला कोणी नावे ठेवू नयेत. तिच्या घरी जाऊन तिला फिरावयास घेऊन निघावे.

आजच रात्री आरंभ करावा, असा माझा आग्रह आहे. उद्या एकादशी आहे की पाडवा, हे पंचांगात पाहू नका. माझ्या गल्लीत राहणाऱ्यांना तर सांगणेच नको. साडेनऊला आक्का आणि मी चक्कीकडे निघतो.